रिकामा डावा हात

हेमराजने डावा हातमोजा दातांनी ओढून काढला, जॅकेटात कोंबला आणि फोन बाहेर घेतला. स्कूटर चाळीसच्या आसपास होती. पुढे गुणवंतरावांनी हेल्मेटवर दोनदा टिचकी मारली होती, म्हणजे फोटोची वेळ झाली. तिन्ही मोटारसायकली एकमेकींजवळ आल्या, मधली अंतरं सारखी झाली, तिघांच्या पाठी ताठ झाल्या. आता हेमराजने उजवीकडून, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूने, त्यांच्या बरोबरीला जायचं, एका हाताने स्कूटर सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने तिघांना एका चौकटीत बसवायचं. मागे जंगल यायला हवं, ऊन तोंडावर हवं आणि कुणाचा चेहरा कुणाच्या आरशाआड जायला नको.

उन्हात फोनच्या काचेवर त्याला स्वतःच्याच हेल्मेटशिवाय काही दिसेना. अंदाजाने त्याने अंगठा दाबला, पुन्हा दाबला. विक्कीने हनुवटी जरा वर केली. तेवढ्यात वळणावरून लोहखनिजाचा ट्रक समोर आला.

ब्रेक मारायला हेमराजची डावी मूठ वळली आणि मुठीत फोन आला. मग उजव्या हाताने त्याने पुढचा ब्रेक दाबला. डांबरावर ट्रकांतून सांडलेली लाल भुकटी पसरली होती. पुढचं चाक तिच्यावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवळलं. उजवा पाय आपोआप खाली टेकायला गेला. डावा जिथे होता तिथेच राहिला. कशीबशी स्कूटर विक्कीच्या गाडीमागे सरकली आणि ट्रक भोंगा वाजवत शेजारून गेला. त्याच्या वाऱ्याने जॅकेट फुगलं आणि तोंडात माती आली.

पुढच्या तिघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही. फोटोत वळून पाहिलेलं चांगलं दिसत नाही.

गेल्या दीड वर्षापासून हे असंच चाललं होतं. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले गुणवंतराव या ग्रुपचे पुढारी. साठी उलटलेली, पण मोटारसायकल अशी जड की उभी करायला दोन माणसं लागावीत. जिशानचं बसस्टँडजवळ कूलर बनवायचं दुकान. विक्की चोवीस वर्षांचा. तो गाडी चालवतो ती मुळी लोकांना फोनवर दाखवण्यासाठी, असं जिशान तोंडावर म्हणायचा आणि विक्कीला ते कौतुकच वाटायचं. आणि चौथा हेमराज, कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचा कारकून. आठवडाभर खिडकीआड बसून दुसऱ्यांच्या गाड्या आत येताना आणि बाहेर जाताना पाहायच्या, हा त्याचा धंदा. रविवारी एकदा आपलीही गाडी कुठेतरी जावी, एवढीच त्याची हौस होती.

पहिल्याच फेरीत गुणवंतरावांनी त्याची स्कूटर वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि निकाल दिला. स्कूटरला क्लच नाही, गिअर नाही, म्हणजे डावा हात रिकामाच. तेव्हा फोटो हेमराजने काढायचे. सगळ्यांना ते पटलं. स्कूटरला डाव्या मुठीत मागचा ब्रेक असतो, हे त्या तिघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण मोटारसायकलवाल्याचा मागचा ब्रेक पायात असतो आणि माणूस जग आपल्या गाडीवरून मोजतो. हेमराजने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो नवा होता, काम मिळाल्याचा त्याला आनंद झाला होता, आणि आनंदाच्या भरात माणूस बैलाचं जू स्वतःच मानेवर ओढून घेतो.

त्याचे फोटो चांगले यायचे, ही आणखी एक अडचण. पकडीगुड्डमच्या धरणावरचे आले, मूलच्या रस्त्यावरचे आले. लोक वाहवा करायचे. त्या सगळ्या फोटोंत मिळून हेमराज एकदाच होता: एका चहाच्या टपरीच्या काचेत, फोन तोंडासमोर धरलेला. घरी बायकोने, पूनमने, विचारलं की धरण कसं होतं, तर त्याला धरण आठवेना. आठवायचं ते एवढंच, की जिशानचा मफलर सारखा मध्ये येत होता.

एवढं असूनही तो दर वेळी यायचा. तिघांच्याही गाड्या स्कूटरच्या दुप्पट वेगाने जाऊ शकत होत्या, तरी हे लोक चाळीसच्या वर जात नसत. वाटेत कुणी अनोळखी मोटारसायकलवाला सुसाट पुढे गेला आणि विक्कीचा हात शिवशिवला, की गुणवंतराव म्हणायचे, आराम से, हेमराज मागं हाय. त्या वाक्यावर हेमराजचा आठवडा जायचा. काट्यावर बसल्या बसल्या ते त्याला आठवायचं आणि बरं वाटायचं.

आदल्या दिवशी शनिवारी ते भद्रावतीहून निघून आलापल्लीला मुक्कामाला आले होते. आज एटापल्ली गाठून परत फिरायचं होतं. दहा-बारा किलोमीटरवर एका खेड्याच्या फाट्याला टपरी दिसली तेव्हा गुणवंतरावांनी हात वर केला. हेमराजने स्कूटर लावली. सीटवर बसल्या बसल्या त्याने फोन काढून काचेवरची लाल धूळ पुसली.

विक्कीने उतरताच त्याच्या हातातून फोन घेतला आणि बोटाने एकेक फोटो सरकवत पाहू लागला. त्याचा चेहरा उतरत गेला.

"हेमराजभाऊ, हे काय करून राह्यले तुमी? सगळ्याच्या सगळ्यात माहं डोकंच कापलं."

"ट्रक आला होता."

"ट्रक त येतच राह्यते ना भाऊ इथी."

जिशानने मध्ये मान घालून पाहिलं आणि स्वतःचा बरा आलाय म्हणून चहा सांगायला गेला. गुणवंतरावांनी चष्मा लावून फोन हातभर लांब धरला. फोटो तिरपा आलाय, असा शेरा मारला. पुढे नाल्यावर पूल आहे, पुलानंतर मोठं वळण आहे, पळस फुललाय, तिथे पुन्हा घेऊ, आणि या वेळी जरा जवळून ये, अशी सूचनाही दिली. ट्रकबद्दल कुणी विचारलं नाही. हेमराज वाट पाहत होता. चहा आला, चहा पिऊन झाला, कप खाली ठेवले गेले, तरी कुणी विचारलं नाही. पडला असतास का रे, एवढे चार शब्द कुणाच्या तोंडून निघाले असते, तर त्याने पुलावरही फोटो काढले असते आणि वळणावरही काढले असते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी ती गेली की तो ती गिळायचा. आज घशात माती होती आणि गिळणं जमेना.

"मी आता फोटो नाई काढत," तो म्हणाला.

गुणवंतरावांना वाटलं, फोनची बॅटरी संपली. जिशानने आपली पॉवरबँक पुढे केली.

"बॅटरी हाय. मले दोन्ही हातानं गाडी चालवाची हाय. एटापल्लीले पोचल्यावर उभं राहून काढून देतो, पाह्यजे तेवढे."

"उभे त कोनीही काढते भाऊ," विक्की म्हणाला. "उभे फोटो मेल्यासारखे दिसतेत."

हेमराजने त्याला सांगितलं, की डाव्या मुठीत मागचा ब्रेक असतो. स्कूटरपाशी नेऊन दाबूनही दाखवला. दीड वर्षापूर्वी सांगायची गोष्ट त्याने आज सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज नको तेवढा चढला. टपरीवाला चहा गाळायचा थांबून पाहू लागला. गुणवंतरावांनी चष्मा डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली.

"जशी तुझी मर्जी," ते म्हणाले, आणि हेल्मेट चढवलं.

तिघे निघाले. हेमराजने दोन्ही हातमोजे नीट चढवले, दोन्ही मुठी धरल्या आणि त्यांच्या मागे लागला. पहिला एक किलोमीटर तिघे समोर होते. मग विक्कीची गाडी लांब गेली, तिच्यामागे जिशानची. गुणवंतराव थोडा वेळ दिसत राहिले, आणि एका चढानंतर तेही दिसेनासे झाले. हेमराजने मूठ पिळली. स्कूटर पासष्टला थरथरायला लागली. पुढचा रस्ता सरळ होता, लांबपर्यंत दिसत होता आणि त्यावर कुणीही नव्हतं.

मग त्याने मूठ सैल सोडली. कुणाला गाठायचं, हा प्रश्नच उरला नव्हता. चाळीसचा वेग फोटोसाठी होता. चाळीसच्या वर गेलं की फोटो हलतो, हे त्यानेच त्यांना सांगितलं होतं, पहिल्या महिन्यात. त्याला ते आठवलं आणि स्वतःच्या भोळेपणाची इतकी चीड आली, की त्याने उगाच हॉर्न वाजवला. झाडीतून दोन माकडं त्याच्याकडे पाहू लागली.

आता रस्ता मोकळा होता, हात मोकळे होते, तेव्हा निदान जंगल तरी पाहून घ्यावं, म्हणून त्याने इकडे तिकडे नजर टाकली. साग बोडके झाले होते. रस्त्याच्या कडेची पानं लाल धुळीने माखलेली होती. कुठे पळस होता, पण तोही धुळकट. डोळे भरून पाहावं असं म्हणतात. हेमराजने डोळे भरून पाहिलं आणि डोळ्यांत धूळ भरून घेतली. ज्या तिघांवर आपण चिडलोय त्यांच्यासोबत असतो, तर हेच जंगल चांगलं वाटलं असतं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला आणखीच राग आला.

पूल ओलांडला. मोठं वळण आलं. वळणाच्या तोंडाशी जिशानची गाडी स्टँडवर उभी होती आणि जिशान दोन्ही हात हलवत होता.

विक्की रस्त्याच्या कडेला बसला होता, पाय पसरून. त्याची मोटारसायकल आडवी पडली होती आणि तिचा एक आरसा दूर चरात जाऊन पडला होता. डावं मनगट त्याने उजव्या हातात धरलं होतं आणि डाव्या घोट्यावर बूट ताणला जाईल इतकी सूज आली होती. चेहरा पांढराफटक होता. गुणवंतराव त्याला पाणी पाजत होते. काय झालं ते जिशानने सांगितलं. पळस फुललेला पाहून विक्कीने फोन काढला, स्वतःचाच व्हिडिओ घ्यावा म्हणून डाव्या हाताने वर धरला. वळणात गाडी मंदावली, गिअर कमी करायला गेला, तर क्लच दाबायला हातच नव्हता. गाडी हिसका देऊन बंद पडली आणि तिरपी झाली ती त्याला घेऊनच.

"व्हिडिओ मातर पूरा आला," जिशान हळूच म्हणाला, आणि म्हटल्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं.

हेमराज खाली वाकला. घोट्याला हात न लावता त्याने बुटाची नाडी सैल केली. विक्की कण्हला.

"बोटं हलतेत काय?"

बोटं हलत होती. हेमराजने मान वर केली तेव्हा गुणवंतराव त्याच्याकडेच पाहत होते.

"तुले काय होत होतं रे एक फोटो काढाले?" ते म्हणाले. "तू काढला असता त पोरानं हात सोडला असता काय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. हेमराजच्या ओठांवर दहा गोष्टी आल्या. मघाचा ट्रक आला, लाल भुकटी आली, वळवळलेलं चाक आलं. त्याने जिशानकडे पाहिलं. जिशान रस्त्यावरच्या काचा बुटाने गोळा करत होता. त्याने विक्कीकडे पाहिलं. विक्की खाली पाहत होता, पण नाही म्हणत नव्हता.

"माह्या मागं बसवा त्याले," हेमराज म्हणाला.

दुसरा उपायही नव्हता. फोनला रेंज नव्हती. इतर दोघांच्या गाड्यांची मागची सीट इतकी उंच, की दुखऱ्या पायाने तिथे चढणं शक्य नव्हतं. स्कूटरची सीट बुटकी आणि रुंद. जिशानने आणि गुणवंतरावांनी मिळून विक्कीला मागे बसवलं, दुखरा पाय मफलरने बांधून बाजूच्या दांड्यावर टेकवला. पडलेली मोटारसायकल झाडाआड लावून जिशान तिच्यापाशी थांबला. गुणवंतराव पुढे जाऊन दवाखान्यात कळवतो म्हणाले आणि निघाले. जाताना त्यांनी हेमराजला सावकाश यायला सांगितलं. हे सांगायची गरज नव्हती.

एटापल्लीपर्यंत पंधरा किलोमीटर होते. हेमराज प्रत्येक खड्डा पाहून, पंचविसाच्या वर न जाता, दोन्ही मुठी धरून चालला. विक्कीचा उजवा हात त्याच्या खांद्यावर होता. खड्डा आला की तो हात आवळायचा आणि मग सैल व्हायचा. सहा-सात किलोमीटर असेच गेले.

"हेमराजभाऊ," मागून आवाज आला. "तुमी गिअरची गाडी काऊन नाई घेतली?"

हा प्रश्न त्याला दर महिन्याला कुणीतरी विचारायचं आणि तो मायलेजचं सांगायचा. ग्रुपमध्ये सगळ्यांचा समज होता की स्कूटर पूनमची आहे आणि हेमराज बायकोच्या धाकात आहे. त्याने तो समज राहू दिला होता. बायकोला भिणारा म्हणून हसलं तर चालतं. हसणारा तरी आपल्याशी बोलत असतो.

"माहा डावा पाय उचलत नाई," तो म्हणाला. "लहानपणी ताप आला होता, तवापासून. बोटं खाली जातेत, वर नाई येत. पायानं गिअर खाली पडते, वर उचलत नाई."

आपण हे बोललो याचंच त्याला आश्चर्य वाटलं. दीड वर्षात ज्यांना सांगितलं नाही, ते तो असं लाल धुळीच्या रस्त्यावर, पाठमोरा राहून सांगून मोकळा झाला. विक्की काय म्हणतो, म्हणून त्याने मान जराशी मागे केली.

खांद्यावरचा हात एकदा आवळला. खड्डा नव्हता.

"एटापल्ली किती राह्यली?" विक्कीने विचारलं.

"आठेक," हेमराज म्हणाला.

एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात गुणवंतराव दारातच उभे होते. दोन वॉर्डबॉय आले, विक्कीला उचलून आत घेऊन गेले. मनगटाचा फोटो काढावा लागेल, घोटा मुरगळलाय, बहुतेक मोडलेला नाही, असं नर्सने बाहेर येऊन सांगितलं. गुणवंतराव फोनवर विक्कीच्या घरी बोलले. घाबरायचं कारण नाही, आम्ही सगळे सोबत आहोत, असं त्यांनी चार-पाच वेळा सांगितलं. आम्ही घरच्यासारखेच, असंही म्हणाले. हेमराज बाकावर बसला होता. त्याने डावा बूट काढून पाय मोकळा केला होता आणि पहिल्यांदाच कुणासमोर तो लपवला नव्हता. कुणी पाहत मात्र नव्हतं.

अपघाताचा पेशंट म्हणून नोंद करावी लागणार होती. खिडकीतल्या कारकुनाने मोठी वही उघडली. विक्कीचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, रक्तगट, फॅक्टरी कॉलनीतला क्वार्टर नंबर हे सारं गुणवंतरावांनी पाठ असल्यासारखं घडाघडा सांगितलं. प्रत्येक फेरीआधी ते सगळ्यांचं हे लिहून घेत, आणि हेमराजचं राहून जाई, कारण त्या वेळी तो सगळ्यांचा निघतानाचा फोटो काढत असे.

"पेशंटले आणलं कोनं?" कारकुनाने विचारलं.

"ह्यानं आणलं." गुणवंतरावांनी बाकाकडे हात केला. "आमचाच हाय, ग्रुपमधला."

"नाव?"

"हेमराज," गुणवंतराव म्हणाले.

"पूर्ण नाव सांगा."

गुणवंतरावांनी तोंड उघडलं. मग त्यांनी हेमराजकडे पाहिलं, जरा हसल्यासारखं केलं आणि जॅकेटची चेन उगाच खाली-वर केली. कारकुनाचं पेन वहीवर टेकलेलं होतं. हेमराज बूट न घालताच उठला आणि डावा पाय थोडा फरफटत खिडकीपाशी आला. गुणवंतरावांची नजर त्या पायाकडे गेली आणि तिथेच राहिली.

"हेमराज देवाजी निकुरे," तो म्हणाला. "राहणार माजरी."

"माजरी?" गुणवंतरावांच्या तोंडून निघून गेलं. माजरी म्हणजे भद्रावतीपासून लांबचं गाव. दर रविवारी पहाटे पाच वाजता हा भद्रावतीच्या बसस्टँडवर सर्वांच्या आधी उभा असायचा. त्यांना तो तिथलाच वाटला होता.

कारकून लिहीत होता. लिहिता लिहिता पुढच्या रकान्यावर आला.

"पेशंटचे तुमी कोन?"

गुणवंतराव काहीतरी म्हणायला पुढे झाले. हेमराज त्यांच्याआधी बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज चढला नाही.

"कोनी नाई," तो म्हणाला. "मी मागून येत होतो."

कारकुनाने मान डोलावली, तसंच लिहून घेतलं आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.